वेबसाइटवर गूगल-फेसबुकनं लॉगिन ठेवायचं का, आणि ठेवायचं तर कसं

आपल्याकडं आता गणपत गल्लीतला दुकानदार असू दे नाहीतर खानापूरकडचा होमस्टेवाला, वेबसाइट करायला बसला की थोड्या वेळात हे वाक्य येतंच, "आणि ते गूगलनं लॉगिन करायचं बटण पण टाका की, सगळ्यांच्या साइटला असतंय." बेळगाव, निपाणी, चिकोडी इकडच्या लोकांच्या साइट करणं हेच माझं काम, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय. बटण बसवायला एक दिवस पुरतो पण नंतर काढायचं म्हटलं तर जीव जातो, कारण ज्यांनी त्या बटणावरनं खाती उघडलीत त्यांच्याकडं तुमच्या साइटचा पासवर्ड नसतो, आणि कुठल्या ईमेलनं आलो होतो हेही बऱ्याच जणांना आठवत नसतं. तेव्हा विचार आधी करायचा.

आणि पहिला विचार बटणाचा नाहीच. लॉगिन तरी लागतंय का, हा आहे.

समजा तुमचं कुंदा-मांड्याचं दुकान आहे. दिवाळीला, गणपतीला पुण्या-मुंबईतनं, गोव्यातनं ऑर्डरी येतात. त्या माणसाला वर्षातनं एकदोनदा कुंदा मागवायचाय, त्याच्याकडनं तुम्हाला पाहिजे काय तर नाव, मोबाइल, पत्ता, पिनकोड आणि पैसे. यात लॉगिन कुठं आलं? गूगलनं लॉगिन केलं तर तुमच्या हातात येतं नाव, ईमेल आणि फोटो. मोबाइल नंबर येत नाही, पत्ता येत नाही, आणि कुरिअरवाल्याला नेमकं तेच लागतं. म्हणजे गिऱ्हाईकानं बटण दाबूनसुद्धा फॉर्म भरायचा तो भरायचाच. बरं नाव तरी धड येतं का, तर गूगलच्या खात्याला लोकांनी काय काय नावं दिलेली असतात, कुणाचं नुसतं "पप्पा", कुणाचं मोबाइलच्या दुकानाचंच नाव, ते तसंच पार्सलवर छापलं तर डिलिव्हरीवाल्या पोरानं हाक कुणाला मारायची. म्हणून लॉगिन ठेवलं तरी पार्सलवरचं नाव वेगळं विचाराच.

असल्या दुकानाला मी सरळ सांगतो, लॉगिनच नको. ऑर्डर घ्या, ऑर्डर नंबर एसएमएसनं किंवा व्हॉट्सॲपवर पाठवा, आणि "माझी ऑर्डर कुठंय" बघायला ऑर्डर नंबर अधिक मोबाइल नंबर विचारा. संपलं. ज्याला पत्ता सेव्ह करून ठेवायचाय त्याला पैसे भरून झाल्यावर विचारा, आधी अडवू नका.

लॉगिन खरोखर लागतं ते माणूस परत परत येतो आणि त्याचं काहीतरी साइटवर साठलेलं असतं तिथं. वाचनालयाचे सभासद, कुठलं पुस्तक नेलंय, परत कधी द्यायचंय. टिळकवाडीतले क्लास, व्हिडिओ आणि टेस्टचे मार्क. शहापूर-वडगावकडचा साडीचा होलसेलवाला, ज्याच्याकडं प्रत्येक व्यापाऱ्याचा भाव वेगळा आणि बाकी वेगळी. इथं खातं पाहिजेच, आणि इथं पुढचा प्रश्न येतो.

तुमचे लोक कोण आहेत हे गल्ल्यावर बसून बघा

हे काम घरात लॅपटॉपसमोर बसून होत नाही. एक दुपार दुकानात, क्लासच्या ऑफिसात, वाचनालयाच्या टेबलाशेजारी बसा, येईल त्याला दोन प्रश्न विचारा. पहिला, तुमचा जीमेल कुठला? दुसरा, मागच्या फोनवरपण हाच होता काय? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

पहिल्याला उत्तरं मजेशीर येतात. अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअर चालायला गूगलचं खातं लागतंच, त्यामुळं खातं बहुतेक सगळ्यांकडं असतं. पण ते उघडलं कुणी? "त्ये मोबाइल घेतला तवा दुकानातल्या पोरानंच करून दिलंय की, मला काय ठाऊक." पत्ता विचारला तर फोन पुढं करतात, तुम्हीच बघा म्हणतात. घरात एकच चांगला फोन असेल तर त्यात थोरल्या मुलाचा जीमेल असतो आणि आई, आजी, धाकटा सगळे त्याच्यावरच. कॉलेजची पोरं दोन-दोन जीमेल बाळगतात, त्यातला एक कॉलेजनं दिलेला, पास होऊन बाहेर पडल्यावर कॉलेज तो बंदही करू शकतं.

आता यावरनं बटण नको असं लगेच म्हणू नका. ज्या मावशींना आपला ईमेल ठाऊक नाही त्यांनाच बटण सगळ्यात सोयीचं पडतं, कारण फोनमध्ये खातं आधीच आहे, एक टिचकी मारली की आत. टाइप करायचं काही नाही, इंग्रजी कीबोर्ड शोधायचा नाही, आणि खातं निवडायची गूगलची पाटी फोन ज्या भाषेत आहे त्या भाषेत येते, मराठी असू दे नाहीतर कन्नड. आजचा दिवस सुखाचा जातो. घोटाळा होतो फोन हरवला, पाण्यात पडला, नवा घेतला की. नव्या फोनवर दुकानातला दुसरा पोरगा नवा जीमेल उघडून देतो, मावशी तुमच्या साइटवर येऊन तेच बटण दाबतात, आणि साइटला वाटतं ही नवीन बाई आहे. जुन्या ऑर्डरी गेल्या, भरलेली फी गेली, मार्क गेले. फोन तुम्हाला येतो.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाला "नाही", "माहीत नाही" जास्त येत असेल, तर त्या लोकांसाठी ओळख मोबाइल नंबरवर बांधा, गूगलचं बटण फार तर जोडीला. "हाच होता, कित्येक वर्षं हाच आहे" असं येत असेल, म्हणजे नोकरीवाले, उद्यमबागेतले कारखानदार, पुण्या-बेंगळूरला गेलेली पोरं, तर गूगलचं बटण बिनधास्त ठेवा.

इन्स्टाग्रामवरनं येणारं गिऱ्हाईक

हे मुद्दाम वेगळं लिहितोय कारण सगळ्यात जास्त इथं फसायला होतं. आपल्याकडं साडीवाले, केकवाले, दागिनेवाले सगळ्यांची जाहिरात रीलवर चालते आणि लिंक इन्स्टाग्रामच्या बायोत असते. त्या लिंकवर दाबलं की साइट क्रोममध्ये नाही उघडत, इन्स्टाग्रामच्याच पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडते, फेसबुकचंही तसंच. आणि गूगल असल्या आतल्या ब्राउझरमध्ये लॉगिन करू देत नाही, कारण आतला ॲपवाला पासवर्ड बघू शकतो, बंदी सुरक्षेसाठीच आहे आणि बरोबर आहे. पण गिऱ्हाईकाला दिसतं काय, तर ४०३ आणि इंग्रजीत "डिसअलाउड युजरएजंट" असं काहीतरी. ती बाई काय समजणार त्यातलं, ती बंद करते आणि दुसऱ्या दुकानाच्या रीलवर जाते, तुम्हाला कळतही नाही.

बटण बसवल्यावर टेस्ट करताना हे करा: स्वतःच्या इन्स्टाग्रामवर स्वतःलाच लिंक मेसेज करा, तिथनंच उघडा, बटण दाबा. क्रोममध्ये चालतंय म्हणजे झालं असं समजू नका. उपाय दोन. साइट आतल्या ब्राउझरमध्ये उघडलीय हे कोडला बऱ्यापैकी ओळखता येतं, तेव्हा गूगलचं बटण लपवून नुसतं ओटीपीचं दाखवा. नाहीतर स्वच्छ मराठीत नि कन्नडात लिहा, "वर तीन टिंबं आहेत तिथं दाबून ही साइट क्रोममध्ये उघडा." पहिला उपाय बरा, दुसरा कुणी वाचत नाही.

कुठलं बटण

आपल्या भागात बहुतेकांना एकच पुरतं, गूगलचं. चार-पाच बटणं एका ओळीत लावली की माणूस पुढच्या वेळी आला की विचारात पडतो, गेल्या खेपेला कुठलं दाबलेलं? चुकीचं दाबलं की पुन्हा दुसरं खातं. मेलचिंप ही ईमेल पाठवायची मोठी कंपनी, त्यांनी २०१२ मध्ये फेसबुक-ट्विटरची बटणं लावून बघितली, लॉगिनच्या पानावर येणाऱ्यांतले साडेतीन टक्केही ती वापरत नव्हते, मग त्यांनी ती काढली.

फेसबुकचं सांगायचं तर, त्याचं खातं नुसत्या मोबाइल नंबरवर उघडता येतं, त्यामुळं बऱ्याच जणांचा ईमेल तुम्हाला मिळणारच नाही, आणि ईमेल मिळेलच असं धरून साइट लिहिली असेल तर तिथंच अडकते. त्यांना प्रायव्हसी पॉलिसीचं पान द्यावं लागतं, डेटा पुसून घ्यायची सोय दाखवावी लागते. सप्टेंबर २०१८ मध्ये फेसबुकमधनं कोट्यवधी खात्यांचे लॉगिन टोकन, म्हणजे पासवर्ड न विचारता आत सोडणाऱ्या डिजिटल चिठ्ठ्या, चोरीला गेले होते, आधी पाच कोटी सांगितले, नंतर आकडा तीन कोटींवर आला. आणि ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम मिळून सहाएक तास बंद पडलं तेव्हा ज्या साइटवर आत जायला फेसबुक सोडून दुसरा मार्गच नव्हता त्यांची माणसं बाहेरच थांबली. गूगलचंही झालंय, १४ डिसेंबर २०२० ला पाऊण तास लॉगिन बंद होतं. पाऊण तास म्हणजे काही नाही, पण तुमच्या क्लासची ऑनलाइन टेस्ट त्याच पाऊण तासात असली तर?

बंद पडणं एक, कायमचं जाणं दुसरं. टिकटॉकवर जून २०२० मध्ये आपल्या देशात बंदी आली ती एका संध्याकाळीत. गूगल प्लस २०१९ मध्ये गुंडाळलं. लोकांची चावी शेजाऱ्याकडं ठेवायला हरकत नाही, पण एक आपल्याकडंही पाहिजे, एवढं पक्कं धरा.

ॲपलचं बटण वेबसाइटला सक्तीचं नाही. पण उद्या आयफोनचं ॲप काढणार असाल आणि त्यात गूगल-फेसबुकनं लॉगिन ठेवणार असाल, तर ॲपलचा नियम आहे की ईमेल लपवू देणारा, कमी माहिती घेणारा एक पर्याय पण द्यायलाच लागतो, म्हणून बहुतेक जण ॲपलचंच ठेवतात. त्यासाठी डेव्हलपर खातं लागतं, वर्षाला ९९ डॉलर. त्यातनं लोकांनी ईमेल लपवला तर तुम्हाला ॲपलनं बनवलेला आडवा पत्ता मिळतो, मेल पोचतो पण दुकानातल्या रजिस्टरमधल्या ईमेलशी तो जुळत नाही, हे हिशेब ठेवणाऱ्याला आधी सांगून ठेवा.

मग ओटीपीच बरा की?

बऱ्याच ठिकाणी बरा, पण फुकट नाही आणि बिनधोक नाही. भारतात असले एसएमएस पाठवायचे तर ट्रायच्या, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमांनी डीएलटीवर, म्हणजे एसएमएस पाठवणाऱ्यांच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणी करायला लागते, आधी धंद्याची, मग पाठवणाऱ्याच्या नावाची, मग मेसेजच्या मजकुराची, मजकूर एका शब्दानं जरी बदलला तरी मेसेज अडकतो. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, मराठीत किंवा कन्नडात लिहिला तर ७०, त्याच्यावर गेला की दोन एसएमएसचे पैसे. त्यामुळं मराठी मेसेज आखूड ठेवा, "लॉगिनसाठी ओटीपी अमुक" एवढंच.

आणि रेंज. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला घरात वायफाय असतं पण मोबाइलला दांडी नसते, माणूस अंगणात, रस्त्यावर जाऊन ओटीपी घेऊन येतो तोवर त्याची मुदत संपलेली. तिथं गूगलचं बटण वायफायवरच काम भागवतं. असली गिऱ्हाईकं असतील तर दोन्ही ठेवणं हाच शहाणपणा. अजून एक, बंद पडलेला मोबाइल नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला देता येतो, म्हणजे जुन्या गिऱ्हाईकाचा नंबर उद्या तिसऱ्याच माणसाकडं आणि ओटीपी त्याला. ज्या खात्यात पैसे, उधारी, पोरांची माहिती आहे तिथं बऱ्याच दिवसांनी आलेल्याला नुसत्या ओटीपीवर आत घेऊ नका, जन्मतारीख, सभासद नंबर, काहीतरी वरचं विचारा.

बसवायचं ठरलं तर

गूगलच्या कन्सोलमध्ये, म्हणजे लॉगिनच्या बटणाची सेटिंग जिथं करतात त्या गूगलच्या पानावर, प्रोजेक्ट उघडायचं ते मालकाच्या जीमेलवर, साइट करणाऱ्या पोराच्या नाही. हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो. आमच्यासारखे लोक घाईत आपल्याच खात्यावर करून टाकतात, पुढं वाकडं आलं किंवा तो पोरगा बेंगळूरला नोकरीला गेला की दुकानाच्या लॉगिनची मालकी त्याच्यासोबत जाते. मालकाचं खातं, त्यात डेव्हलपरला परवानगी द्या, काम झालं की काढा.

सुरुवातीला प्रोजेक्ट टेस्टिंगमध्ये असतं, त्यात तुम्ही नावं घातलेली जास्तीत जास्त १०० माणसंच धरता येतात. साइट चालू करायच्या दिवशी ते प्रोडक्शनवर, म्हणजे सगळ्यांसाठी खुलं करायला, न्यायला विसरू नका. मागायचं फक्त नाव आणि ईमेल. कॉन्टॅक्ट, ड्राइव्ह, कॅलेंडर काही मागू नका, लोक घाबरतात आणि गूगलची तपासणी मागं लागते. लॉगिन झाल्यावर गूगल माणसाला तुमच्या साइटच्या ज्या पानावर परत पाठवतं तो पत्ता कन्सोलमध्ये आणि कोडमध्ये हुबेहूब तोच पाहिजे, शेवटचा स्लॅश, एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू सगळं धरून, नाहीतर "रिडायरेक्ट यूआरआय मिसमॅच" म्हणून बसते.

आता सगळ्यात मोलाचं. माणसाची ओळख ईमेलवर ठेवू नका. गूगल प्रत्येक खात्याला एक कायमचा नंबर देतं, लॉगिन झाल्यावर गूगल साइटला जी चिठ्ठी, म्हणजे टोकन, पाठवतं त्यात तो "सब" नावानं येतो, ईमेल बदलला तरी तो बदलत नाही. डेटाबेसमध्ये सभासदांचा एक टेबल आणि लॉगिनच्या मार्गांचा दुसरा टेबल करा, दुसऱ्यात कुठली कंपनी, तिचा सब नंबर, आणि आपला सभासद कोण. असं केलं की एका माणसाला गूगल, ओटीपी, पासवर्ड कितीही मार्ग जोडता येतात आणि एखादा काढताही येतो. टोकनची तपासणी सर्व्हरवर करा, त्यावरची गूगलची डिजिटल सही खरी आहे का, ते आपल्याच साइटसाठी दिलंय का, मुदत आहे का. ब्राउझरनं सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नका.

एकाच ईमेलची दोन खाती जोडताना सांभाळा. समजा कुणी खोडसाळानं तुमच्या साइटवर दुसऱ्याच्या ईमेलनं पासवर्ड घालून खातं उघडलं, ईमेल खरा आहे का हे साइटनं तपासलंच नाही, आणि मग खरा माणूस गूगलनं आला. साइटनं दोन्ही जोडून टाकली तर त्या खोडसाळाचा पासवर्ड तसाच चालू राहतो, खऱ्याच्या ऑर्डरी तो बघत बसतो. म्हणून ईमेल पडताळलेला नसेल तर जुना पासवर्ड रद्द करून मगच जोडा. आणि गूगलनं पहिल्यांदा आलेल्याकडनं त्याच दिवशी मोबाइल नंबर घेऊन ओटीपीनं पडताळा. फोन हरवल्यावरचा फोन तुम्हाला येणार नाही तो यामुळंच.

क्लासवाल्यांनी कायद्याकडं बघा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यात १८ वर्षांखालचं मूल म्हणजे मूलच, त्याची माहिती घ्यायची तर आईवडिलांची पडताळलेली संमती लागते, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि अंमल टप्प्याटप्प्यानं होणाराय. पोरानं स्वतःच्या जीमेलनं बटण दाबलं ही पालकांची संमती नव्हे. खातं पालकाच्या नंबरवर उघडा, त्याच्याखाली मुलांची नावं, हेच आपल्याकडं जमतंही छान कारण फी पालकच भरतात. त्याच कायद्यात आहे की माहिती कशाला घेतोय ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोय पाहिजे. मराठी, कन्नड, कोकणी तिन्ही त्यात आहेत, तेव्हा सीमाभागात सूचना मराठीत नि कन्नडात दोन्हीत ठेवा, लोकांना काय दिलंय ते स्वतःच्या भाषेत कळायला पाहिजे.

पतसंस्था असेल तर गूगल-फेसबुक काहीही नको. सभासद नंबर, नोंदवलेला मोबाइल, वर पिन. पैशाच्या ठिकाणी माणूस संस्थेच्या रजिस्टरशी जोडलेला पाहिजे. वाचनालयाला गूगल अधिक सभासद नंबर चांगलं जमतं. साडीच्या होलसेलला ओटीपी, कारण व्यापारी दुकानातल्या पोराला फोन देऊन ऑर्डर टाकायला लावतो. होमस्टेला बुकिंगचा फॉर्म पुरे.

चालू केल्यावर तीनेक महिन्यांनी आकडे काढा, किती जण गूगलनं आले, किती ओटीपीनं, किती जणांची दोन-दोन खाती झाली. एखादं बटण कुणी वापरतच नसेल तर लगेच उडवू नका. आधी त्यावरनं नवीन खाती उघडणं बंद करा, जुन्यांना आत आल्या आल्या मोबाइल नंबर जोडायला लावा, जे येतच नाहीत त्यांना मेल किंवा व्हॉट्सॲप करून तारीख कळवा, यादीत उरलेल्यांना दुकानातनं फोन लावा, आणि यादी रिकामी झाली की मग बटण काढा.